खोटा पेशंट

प्रेसमधून रिटायर झालो तेव्हा
साहेबांनी शाल दिली, नारळ दिला
आणि गेटवरच्या जवानानं शेवटचे खिसे तपासले.
एकतीस वर्षं नोटा मोजल्या,
घरी आणला तो फक्त बोटांना लागलेला शाईचा वास.

आता आठवड्यातून तीन दिवस
जेलरोडवरून बस धरतो, मुंबई नाक्याला उतरतो,
दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर जाऊन
आजारी पडतो.
तीनशे रुपये रोज, वर चहा.
दोंदे सिस्टर आदल्या दिवशी कागद देतात:
वय बासष्ट, साखर आहे, पहाटेपासून छातीत,
घाम, डाव्या हाताला मुंग्या.
बायकोला सांगतो, उद्या हार्ट, परवा मूतखडा.
ती म्हणते, मूतखडा असेल त्या दिवशी जेवून जा.

शिकायला आलेल्या पोरी लांबच्या.
चिसोमो मलावीची, त्शेरिंग भूतानची,
दिलनोझा ताश्कंदहून,
आणि फिजीची सेलिना, बावीस वर्षं नोकरी झालेली,
जी सगळ्यांत जास्त वह्या भरते.
आपापल्या गावी ह्या मुरलेल्या नर्सेस.
कुणी कंदिलाच्या उजेडात एकटीनं बाळंतपणं केलीत.
इथं मशीनच्या बारीक कुरबुरी ऐकायला शिकतात.
सुईच्या सरावाला दुसरीकडे संत्री देतात म्हणे,
दोंदे सिस्टर द्राक्षं देतात.
साल फाटली की पुन्हा, घड संपेपर्यंत.
फाटलेली त्शेरिंग खाऊन टाकते, पुरावा नको म्हणून.

पहिल्याच दिवशी चिसोमोनं पाठ केलेलं विचारलं,
"बाबा, दुखणं किती? एक ते दहा?"
म्हटलं, पोरी, सिन्नरची म्हातारी
तुला आकडा सांगायची नाही.
ती म्हणेल कळ येते. ती म्हणेल ठणका.
उसण वेगळी, चमक वेगळी,
पोटात मुरडा, डोळ्यांत चुरचुर, गळवाची ठसठस,
आणि काहीच सापडलं नाही की म्हणेल,
कसंतरीच होतंय.
हे शेवटचं जपून ऐक.
तिनं इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं.
तिच्याकडे म्हाताऱ्या काय म्हणतात तेही सांगितलं,
तो शब्द मला तीनदा म्हणूनही जमला नाही.

काल अपेंडिक्स होतं.
उजवीकडे, खाली, दाबलं की ओरडायचं.
मी वेळेवर ओरडलो.
चिसोमोची बोटं माझ्या मनगटावर,
नजर घड्याळावर. मिनिट संपलं,
हात सोडला नाही.
हळूच म्हटलं, नाडीचं आज कागदावर काही नाही, पुढे चल.
"बाबा, एक ठोका चुकतो."
वाटलं, तिचंच मोजणं चुकतंय.
पण मोजणी हा माझा धंदा.
शंभराच्या गड्डीत नव्व्याण्णव निघाल्या
की आधी अंगठा थांबायचा, डोकं मागून.
तिचा चेहरा तसा थांबलेला.

दोंदे सिस्टरनी लाल पेनाला टोपण लावलं.

"जिन्यात दम लागतो?"
आणि मी, ज्याला सगळी उत्तरं
आदल्या रात्रीच मिळतात,
हिरव्या पडद्याकडे बघत राहिलो.
गेल्या महिन्यात लिफ्ट बंद होती,
तेव्हा तिसऱ्या मजल्यावर
चपलेचा पट्टा नीट करायला थांबलो होतो.
बराच वेळ.
"काय होतं, बाबा? कळ? चमक?"
कसंतरीच, म्हटलं.

तळमजल्यावर, ईसीजीच्या रांगेत,
खऱ्या रजिस्टरात नाव लागलं:
रंगनाथ पिंगळे, पासष्ट.
कागदावरच्यापेक्षा तीन जास्त.
चिसोमो वही काखेत धरून शेजारी उभी,
तिचा तास चुकत होता.
वरून निरोप आला, आजचे तीनशे मिळतील.

घरी फोन लावला.
"आज काय होतं?" बायकोनं विचारलं.
अपेंडिक्स, म्हटलं.
पण म्हणायच्या आधी किती वेळ थांबलो,
ते तिनं मोजलं असणार.