चंद्रामागची फळी

चंद्र लाकडाचा होता.
मागून पाहिलंत तर तीन खोक्यांच्या फळ्या,
एकीवर अजून वाचता यायचं: साबण, पहिल्या प्रतीचा.
पुढून मात्र चुना, सरस,
आणि प्रॉथरोसाहेबांनी स्वतः काढलेला चेहरा.
नाक जरा त्यांच्याच वळणावर गेलेलं,
एक डोळा मिटलेला.
का, असं विचारलं तर म्हणायचे,
दुसऱ्यापर्यंत रंग पुरला नाही.

स्क्रॅंटनच्या बाहेर, तळ्याकाठच्या जत्रेत
आमचा तंबू: एका हाताला नेमबाजीचं दुकान,
दुसऱ्या हाताला उकडलेला मका.
पंचवीस सेंटांत तीन पोस्टकार्डं.
रविवारी खाणीतली माणसं यायची
मान घासून घासून लाल केलेली,
तरी पापण्यांच्या कडेला कोळसा उरायचाच,
काजळ घातल्यासारखा.
फोटोत ती सगळी
नाटकातल्या राजांसारखी दिसतात.

चंद्रावर बसलं की काय व्हायचं कोण जाणे.
चारचौघांत बायकोचं बोटही न धरलेला माणूस
तिच्या कमरेला विळखा घालायचा.
फोरमनपुढे ज्याची मान वर होत नसे
तो मिशीला पीळ देऊन बसायचा.
उसनं चंद्रबळ म्हणतात ते हेच असावं,
पुढचं गिऱ्हाईक खाकरेपर्यंतचं.

माझं काम मागे.
चंद्राला एकच खोड होती, तोलाची.
दोन्ही टोकांवर माणसं असली तर ठीक,
एकटं कुणी बसलं की कोर कलंडायची.
म्हणून काळ्या पडद्याआडून एक फळी काढली होती
आणि फळीवर मी, झुझाना, वय चौदा.
गिऱ्हाईक जड, तर मी टोकाला सरकायची.
हलकं, तर आत.
साहेब "आता" म्हणाले की श्वास रोखायचा,
समोरचे रोखतात तसाच.
मधे उसंत मिळाली तर
खिशातली पावाची कोर चावायची. तीही शिळी.

त्या उन्हाळ्यात एकट्यादुकट्यांचे
जितके फोटो निघाले
तितक्यांत मी आहे.
कुणाच्या घरी, कुठल्या फडताळावर, मला माहीत नाही.

पेट्रोनेला हुडाकोवा आली ती मंगळवारी,
सप्टेंबरात, जत्रा उठायला आली होती तेव्हा.
काळा झगा, काळे मोजे.
डाव्या टोकाला बसली.
साहेब म्हणाले, बाई, जरा मधे या.
ती म्हणाली, नको. ती जागा मिखालची.
एप्रिलात खाणीत काय झालं
ते गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं.
साहेबांनी कापडाखाली डोकं घातलं.

चंद्र झुकला.
मी सरकले. आणखी सरकले.
फळी संपली तरी तोल येईना.
मग धुण्याच्या पाण्याची भरली बादली
उचलून मांडीवर घेतली,
झगा भिजला, दात आवळले,
तेव्हा कुठे चंद्र सरळ झाला.

पडद्याच्या पलीकडून, अगदी हळू, तिने विचारलं,
"बसलास?"

मी काही बोलले नाही.
फळी तेवढी करकरली.

कार्ड धुऊन निघालं तर
पडद्याखाली माझ्या बुटाचं टोक, सुटलेली नाडी.
साहेबांनी शाईत ब्रश बुडवला.
ती म्हणाली, राहू दे तसंच.
तीन कार्डांचे पैसे दिले, दोनच उचलली.

तिसरं माझ्याकडे आहे.
सून विचारते, ही कोण तुमची?
काय सांगणार. कधी म्हणते मावशी,
कधी चष्मा शोधायला उठते.

पुढच्या साली जत्रेत विजेची मोटार आली,
पुठ्ठ्याची, खऱ्या भोंग्याची,
आणि चंद्राकडे कुणी वळेना.
प्रॉथरोबाईंनी तो परसात नेला,
मिटल्या डोळ्यापाशी दार कापलं.
संध्याकाळी कोंबड्या
एकेक करून त्यात शिरायच्या
आणि काळोख पडल्यावरही कितीतरी वेळ
चंद्र आतून कुरकुरत राहायचा,
जागेवरून.