पायथ्याला वजन

आधी फक्त कुंपण कललं.
मग मागच्या पायरीखाली बोटभर फट;
मार्चमध्ये तिच्यात माझा अख्खा तळहात गेला.
पायाखालची जमीन सरकली, असं मी आयुष्यभर
निकालांना, रात्री-अपरात्रीच्या फोनना म्हणत आले.
पिट्सबर्गच्या या टेकडीवर ती खरंच सरकत होती,
महिन्याला पाव इंच,
कुणाला न सांगता.

विमा कंपनीतली मुलगी फार गोड बोलली.
आग, वादळ, चोरी, फुटलेला पाइप, सगळं आहे पॉलिसीत.
जमिनीनं आपणहून चालू लागणं
तेवढं नाही.

मग इंजिनिअर आली, डेलोरिस ट्रॉट,
गुडघ्यापर्यंत गमबूट, कानामागे पेन्सिल.
ड्रिल अठरा फूट खाली घातलं
आणि निघालेली माती लाकडी खोक्यात
रुखवतासारखी ओळीनं मांडली.
वरचे नऊ फूट भुरकट, सैल,
विटांचे तुकडे, कसलंसं निळं प्लास्टिक.
"ही टेकडीची नाही. ही कुणीतरी आणून टाकलीय."
त्याखाली लाल चिकणमाती,
बोटांत चोळली तर साबणासारखी.
"पाणी इथे मुरतंय," ती म्हणाली,
तिच्या भाषेत, अगदी साध्या अर्थानं,
आणि मी नवऱ्याकडे बघितलं.
नाव अच्युत. न ढळणारा.
तो नळाकडे बघत होता.

बावीस वर्षांपूर्वी
पोरांना खेळायला सपाट जागा हवी, हा त्याचाच हट्ट.
ट्रकवाल्याला रोख पैसे, परमिट नाही,
छपराची पन्हळसुद्धा त्याच भरावात सोडलेली.
मी विरोध केला नव्हता. तेव्हा मला
तिथे निशिगंध लावायचा होता.

"तीनच गोष्टी," डेलोरिस म्हणाली.
"डोक्यावरचा भार उतरवा.
पायथ्याला वजन द्या.
पाण्याला बाहेरची वाट द्या."
एवढं ऐकल्यावर मी तिला चहा विचारला.
तिनं घेतला नाही, तिला दुसऱ्या दरडीवर जायचं होतं.

मशिन मात्र खालूनच येणार होतं,
मिसेस हुडाक यांच्या अंगणातून.
वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षं आमचा चिखल
त्यांच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकलेला,
आणि त्या तो खराट्यानं
थोडा थोडा मागे लोटत आलेल्या.
परवानगीचा कागद त्यांनी चष्म्याशिवाय सही केला.
"किती ट्रक होते, माहितीये?"
मी गप्प.
"एकतीस. जो आणि मी या खिडकीत बसून मोजले.
जो म्हणाला, हे एक दिवस आपल्याकडे येणार."
मग बोलला का नाहीत?
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
"आम्हाला वाटलं, तुम्ही विचाराल कधीतरी."

ऑगस्टमध्ये भराव निघाला.
या वेळी मीही ट्रक मोजले.
अच्युतही मोजत होता, वेगळा, मनातल्या मनात;
रात्री जुळवले तर त्याचे दोन कमी भरले.
खडकापर्यंत लोखंडी खांब गेले,
पायथ्याशी दगड रचले गेले गडग्यासारखे,
फक्त तारेच्या पिंजऱ्यात,
आणि मागे खडीत भोकाभोकांचा पाइप.
निवृत्तीच्या पैशातले चौऱ्याऐंशी हजार
आता जमिनीत आहेत, अक्षरशः.
पोरांना फोटो पाठवले, ऑस्टिनला, डेन्व्हरला.
थोरल्यानं अंगठा पाठवला.

मागे परत उतार झालाय. खुर्ची टिकत नाही,
अच्युत तिथे एक गुडघा वाकवून उभा राहतो
आणि वाळुंजाच्या खोचलेल्या काड्यांना
कोंब आलेत का, ते वाकून बघतो.
नळीत उतरवलेलं यंत्र शून्य दाखवत नाही.
डेलोरिस म्हणते, शून्य कधीच दाखवत नसतं.

ऑक्टोबरात रात्रभर पाऊस लागला.
आम्ही दोघं जागे, दोघंही झोपल्यासारखे.
सहाला फोन वाजला.
मिसेस हुडाक, खोकत, बहुधा खिडकीतूनच:
"आलं बरं का तुमचं पाणी.
पाइपातून येतंय.
स्वच्छ आहे."