आत आहे तोवर

मुलगा की मुलगी सांगायचं नाही, असा कायदा आहे.
बाकी सगळं सांगता येतं.

उजवीकडचं बाळ छान आहे, डॉक्टर नोरोन्या म्हणाल्या.
डावीकडच्याला मूत्रपिंडं नाहीत. दोन्ही नाहीत.
म्हणून त्याच्याभोवती पाणी नाही,
पाणी नाही म्हणून फुप्फुसं वाढत नाहीत.
त्या थांबल्या. मी टेबलावरचे पेपरवेट मोजले. तीन.
मग विचारलं, त्याला दुखतं का?
नाही, म्हणाल्या. आत आहे तोवर ते ठीक आहे.
आत आहे तोवर त्याचं सगळं तुम्हीच करताय.

रायबंदरच्या धक्क्याला फेरीबोट लागलेली होती.
गुरुदास पुढे जाऊन खारफुटीकडे बघत राहिला.
त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता,
मला तेवढंच दिसत होतं.
चोडण येईपर्यंत आम्ही एकच वाक्य बोललो:
उन्हात उभी राहू नकोस.

आमच्या घराला पाणी कळतं.
तो मानस राखतो, खाजनाच्या बांधातलं लाकडी दार.
भरती दार लोटून लावते, ओहोटी उघडते,
माणसानं फक्त फळी कुजू द्यायची नाही.
किती खारं आत आलं तर शेत जाईल
हे तो जिभेवर घेऊन सांगतो.
त्या रात्री बांधावर गेला तो पहाटे आला,
कोपरापर्यंत चिखल.
म्हणाला, दार ठीक आहे.
मी म्हणाले, हो.

सातव्यात फुलं माळली.
मयेहून, डिचोलीहून बायका आल्या, अबोलीच्या फाती घेऊन,
जुळं म्हणून ओटीत दोन नारळ.
शेवंतीवहिनी म्हणाली, आता डबल दंगा!
सगळ्या हसल्या. मीही, आणि खोटं नाही,
कारण नेमकी तेव्हाच उजव्यानं लाथ मारली
आणि डावीकडे, जागा नसताना, काहीतरी सरकलं.
दुसऱ्या दिवशी सासूनं नारळ फोडायला घेतले.
पाणी आहे का बघायला, सवयीनं, एक कानाशी नेला
आणि हलवलाच नाही.
दोन्ही तसेच देव्हाऱ्याखाली ठेवून दिले.
चौदा वर्षांत तिनं मला
याहून मोठं काही दिलेलं नाही.

दिवस भरू देत, सगळे म्हणतात.
भरायलाच हवेत, उजव्यासाठी.
डाव्यासाठी मला दहावा महिना हवा, अकरावा,
जूनमध्ये शाळा उघडते तोवरचे सगळे.
एकाच पोटात एकाला म्हणते, ये,
आणि एकाला, बस रे जरा, कसली घाई.
डाव्या कुशीवर झोपा, सांगतात, रक्त नीट वाहतं.
मग ते माझ्याखाली येतं
की माझ्या जवळ येतं,
हे कुणाला विचारायचं?

म्हणून आत्ताच सगळं दाखवते त्याला.
हंगामाआधीचा मानकुराद, गुरुदासनं भाव न विचारता आणलेला.
पावलीननं दिलेला दोदोल, काळा, हाताला तूप सोडणारा.
तो कुणाच्या वाट्याचा, मी बघितलं नाही.
संध्याकाळी बांधावर बसते, ओहोटीची वेळ धरून,
आणि पाणी दारातून जाताना आवाज करतं
तो त्याला ऐकू देते.
पाणी असं असतं, सांगते.

सिस्टर इमेल्डानं कबूल केलंय:
आधी दोघांना एकाच दुपट्यात गुंडाळू.
भिंतीवरचं घड्याळ त्या दिवशी काढून ठेवते.
मी म्हटलं, राहू दे. मला वेळ लागेल.
ती म्हणाली, कशाला?
मला सांगता आलं नाही.

काल पुन्हा बांबोळीला निघालो.
फेरीबोटीवर नवा पोरगा होता,
लाईफ जॅकेटांसाठी डोकी मोजत फिरत होता.
आमच्यापाशी आला. माणसं किती?
चार, गुरुदास म्हणाला.
पोरगा वाकून आमच्या मागे बघायला लागला.