रकाना सतरा

वृक्षगणनेच्या यादीत तुझं नाव नाही.
आंबा आहे, उंबर आहे, रेन ट्री तर पानंच्या पानं,
सोनमोहराला स्वतःचा सांकेतिक आकडा,
आणि तू बेलापूरच्या जुन्या पंपघरामागे
गंजलेल्या व्हॉल्व्हला खेटून उभं.
तुझ्यासाठी रकाना सतरा: इतर.
घेर एकशे बेचाळीस सेंटिमीटर. प्रकृती बरी.

आधी मी तुला शिरीष म्हटलं. चूक.
मग रिठा. तीही चूक, पण जरा कमी लाजिरवाणी.
कुटिन्हो बाई असत्या तर ठाण्याच्या प्रयोगशाळेतून ओरडल्या असत्या,
आधी पान मोज, मग तोंड उघड.

मोजलं.
एका देठावर पर्णिकांच्या चार जोड्या
आणि टोकाला कुणीच नाही.
पंगतीत एक पाट मांडून ठेवावा
आणि पाहुणा यायचाच राहावा, तसं.
पान उलटं करून भिंगाखाली धरलं,
तर हळदीच्या कणांएवढे पिवळे खवले.
चुरगाळलं. राळेचा वास,
आणि त्यामागून सावकाश येणारा
आक्रोडाच्या सालीचा कडवटपणा.

तुर्भ्याच्या बाजारातून पाव किलो आक्रोड आणले.
तुझं फळ आणि ते, पंपघराच्या कठड्यावर शेजारी शेजारी.
नातं तोंडवळ्यात शोधू नका, बाई सांगायच्या, सवयींत शोधा.
आक्रोडाला कवटी आहे, वजन आहे,
फोडायला दाराची फट लागते.
तुझं फळ वाटाण्याहून लहान
आणि त्याला तीन कागदी पंख,
मधला लांब, बाजूचे आखूड.
एकाच कुळातल्या एकाने खारीवर भरवसा टाकला,
दुसऱ्याने पोरांना सरळ वाऱ्यावर सोडलं.

हिराजी घरत सांगतो, शहर नवं होतं तेव्हा
शिलाँगकडचा कुणी इंजिनिअर
डालड्याच्या डब्यात तुला घेऊन आला.
दोन वर्षांत त्याची बदली झाली.
हिराजीला त्याचं नाव आठवत नाही.
डबा आठवतो.

मार्चमध्ये तुझी नतकणिशं लोंबतात.
मध नाही, रंग नाही, माशीसुद्धा फिरकत नाही.
पिवळी पूड उडते, आणि पारसिकवरून उतरणारा सकाळचा वारा
ती गाड्यांच्या काचांवर, पाम बीच रस्त्यावर, खाडीवर
कुठेही नेऊन टाकतो.
तुझी मादी फुलं उघडतात त्यानंतर बारा दिवसांनी.
बारा. दोन वर्षं वहीत लिहिलंय.
आपल्याच दारावर तुला दर वर्षी उशीर होतो,
आणि तुझ्या जातीचं दुसरं दार
माझ्या माहितीत दोन हजार किलोमीटरवर.

फळं तरीही धरतात.
मे महिन्यात गरगरत उतरतात.
हिराजीची नात टाकीवर चढून ती मुठीमुठीने उधळते,
भिंगऱ्या म्हणते त्यांना.
मी ब्लेडने एकशे दहा फोडली.
आत पोकळी. नीट बांधलेली, भिंती घातलेली,
खारघरच्या उंच इमारतींत
ताबा न घेतलेल्या खोल्या असतात तशी.

एकशे अकरावं जरा जड वाटलं.
वाटलंच असेल, उकाडा होता, हात घामेजलेले.
फोडलं असतं तर कळलं असतं,
आणि कळलं असतं तर उगवलं नसतं.

ऑफिसने तक्ता परत पाठवला: इतर चालणार नाही, नाव भरा.
स्थानिक नावापुढे लिहिलं, भिंगरी.
शास्त्रीय नावापुढे एंगेलहार्डिया, कुणा साहेबाचं नाव,
आणि पुढे एक प्रश्नचिन्ह, बाईंच्या सवयीने.
साहेबांनी प्रश्नचिन्ह खोडलं.

डालड्याचे ते डबे आता मिळत नाहीत.
श्रीखंडाच्या डब्याला तापल्या सुईने भोकं पाडली,
वाळू, थोडं शेणखत, तुझ्याच बुंध्याखालची मूठभर माती.
स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय,
चहाच्या आधी त्याला पाणी.

आज तेविसावा दिवस.
माती.