नमुना

पोस्टाच्या दारावर कागद आहे: पाणी उकळून प्या.
चिकटपट्टी तीनदा बदलली, कागद तोच.
तो लावला तेव्हा ग्लेनिस माझ्या पोटात होती.
आता ती बापाची बोट चालवते.

लहानपणी तिला वाटायचं
नळ म्हणजे अर्धंच काम,
उरलेलं अर्धं किटलीचं.
सेंट जॉन्सला मावशीकडे गेली पहिल्यांदा,
आतेभावानं थेट नळाला तोंड लावलं
तर ही किंचाळली.

लिअँडर पार्डी आमचा पंपवाला.
पगार नाही, किल्ली आहे.
दलदलीतून तळ्यात उतरलेलं पाणी
पत्ती टाकायच्या आधीच चहाच्या रंगाचं.
क्लोरीन वाढवलं की सेल्बी क्राउचरचा फोन,
अंगाला पोहण्याच्या तलावाचा वास येतोय म्हणून.
कमी केलं की नर्सचा.
लिअँडर दोघांनाही "बरं" म्हणतो.
माघारी सगळे म्हणतात, नमुना आहे झालं.

मंगळवारी तो नळाचं तोंड ज्योतीवर धरतो,
पाणी वाहू देतो, घड्याळ बघत,
बाटलीच्या काठाला बोट न लावता भरतो
आणि पेन्सिलनं वेळ लिहितो: सात दहा.
तिथून तीस तास.
नऊची फेरी, मग ट्रक, मग प्रयोगशाळेची खिडकी.

पण धुकं.
फेरी पलीकडच्या धक्क्यावर भोंगा वाजवत बसते,
बाटली माझ्या फ्रीजमध्ये, लोण्याशेजारी.
पंधरा दिवसांनी पत्र:
नमुना उशिरा पोचला. तपासला नाही.
पाणी वाईट म्हणत नाहीत, चांगलंही म्हणत नाहीत.
कागद दारावर.

फिलोमिना नव्वदीच्या पुढे, कधी उकळलं नाही,
हे तुम्हाला इथं कोणीही सांगेल.
अँब्रोजचा नातू ऑगस्टात नऊ दिवस इस्पितळात होता,
हे कोणी सांगणार नाही.
आमच्या बेटावर सगळा खडक,
पाणी मुरायला जागा नाही.
तरी मुरतंच कुठेतरी.

नळावर विश्वास नाही म्हणून
देवळाखालच्या झऱ्याला रांग लागते.
लोखंडी नळी, खाली शेवाळ, गार पाणी.
आजोबा प्यायचे, त्यांचे आजोबा प्यायचे.
कॅनमागून कॅन.

मागच्या महिन्यात आकाश स्वच्छ होतं.
लिअँडरनं दोन बाटल्या पाठवल्या, कोणाला न सांगता.
दोन्ही वेळेत पोचल्या.
पाकिटं मीच फोडली, त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही.
नळ: स्वच्छ.
झरा: पिऊ नये.

मी म्हटलं, आधी चांगली बातमी लावू.
तो म्हणाला, नळाचा कागद काढायला सलग दोन लागतात,
झऱ्याचा लावायला एक पुरे.
टोपी घालून स्वतः गेला, हातोडी घेऊन.

सकाळी फळी होती, खिळा होता, कागद नव्हता.
रांग तशीच.
फिलोमिनानं त्याच्याकडे पाठ केली,
सेल्बी म्हणाला, झऱ्यालाही आता नोकरी लावलीस काय?
लिअँडर म्हणाला, "बरं."

दुपारी पोस्टात येऊन बसला.
मी किटली भरली, नळाची, स्वच्छ ठरलेली,
आणि तरी पूर्ण मिनिटभर उकळू दिली.
त्यानं पाहिलं. मीही पाहिलं.
कोणीच काही बोललं नाही. चहा तपकिरीच झाला.

आज मंगळवार.
पेन्सिलनं लिहिलंय सात दहा.
खिडकीतून धक्का दिसत नाही.
लोणी जरा सरकवून
मी जागा केली आहे.