बारा वाजेपर्यंत

अंगणवाडीच्या वहीत हे गाव मला पाठ आहे.
कोणाचं बाळ कितव्या महिन्यात बसलं,
कोणाचा कोणता डोस राहिला.
तरी गेरूचा डबा घेऊन निघाले
दारादारावर आकडे टाकत,
अनोळखी बाईसारखी नावं विचारत.

मामा तलावाच्या पाळीवर ढिवरांची अकरा घरं.
जाळी वाळत घातलेली, माणसं कमी.
"मिरची तोडाले गेले, तेलंगणात."
चौदा जणं. कुठं धरू त्यांना?
सोमाजी नान्हे म्हणाला,
"चुली तं इथंच आहेत ना वो बाई.
चुलीले का पाय असते?"
मी नियम वाचून दाखवला.
चुलीचा रकाना वेगळा होता.

वरच्या आळीत कुणब्यांची बावीस.
जवळपास प्रत्येक घरात तिशी ओलांडलेला एक पोरगा,
वैवाहिक स्थिती विचारली
की त्याची आई आत निघून जाते.
तेल्यांची सहा; सहावं गेल्या दिवाळीत वाढलं,
भावाभावांनी मधे भिंत घातल्यावर.
विहाराजवळ खोब्रागडे, रामटेके, एकोणीस घरं.
इथे शिक्षणाचा रकाना अपुरा पडतो,
बी.ए., डी.एड., एम.ए.,
आणि कामाच्या रकान्यात: शोधतो आहे.
लोहाराचं एक. न्हाव्याचं एक, त्याला कुलूप.
याकूबभाईचं किराण्याचं एक.
आणि डॉक्टर बिस्वास, मातृभाषा बांगला,
अख्ख्या गावात एकटेच.
सुई मात्र मराठीत टोचतात.

टोल्यावर कुमऱ्यांच्या आजीनं गोंडी सांगितली.
नातू म्हणाला, "मराठी लिहा, मॅडम."
मग दोघं एकमेकांकडे पाहत राहिले,
ते कोणत्या भाषेत, मला कळलं नाही.
वेगवेगळं लिहिलं.

शेवटची रात्र बेघरांची.
वाघ फिरतो म्हणून कोतवाल पुढे, मी मागे, मधे टॉर्च.
लाखोळी निघालेल्या बांधीत काठेवाडी उतरलेले.
सात माणसं, दोन उंट,
मेंढ्या किती ते त्यांनाच ठाऊक.
"गाव कोणतं?"
म्हाताऱ्यानं मेंढ्यांकडे हात केला.
मी आमच्या गावाचं नाव लिहिलं.

परतताना झिबलाबाई आत्रामच्या घरी दिवा.
दोन दिवसांपासून अन्न नाही, सून चमच्यानं पाणी पाजत होती.
मला पाहून म्हणाली,
"कितीपर्यंतचे मोजतेस वो?"
"रात्री बाराला जे जिवंत, ते सगळे."
"मंग बस.
तुह्या आकडा नाही बिघडू देत मी."

बसले. कोतवालाच्या मोबाईलवर
अकरा चाळीस. अकरा बावन्न.
सुनेनं काळा चहा केला.
बारा वाजून पाच मिनिटांनी तिनं डोळे उघडले.
"झाले?"
"झाले, आजी."
"लिवलं?"
"लिहिलं."
पहाटे चारला गेली.

आता कागदावर ती बसून आहे.
पुढचं कोणी गेरू घेऊन येईस्तोवर
वय अंदाजे नव्वद,
लिहिता-वाचता येतं: नाही.
कुटुंबप्रमुखाशी नातं: आई.

मातीला ढिवर आले, कुणबी आले,
बिस्वास आले पायजमा खोचून.
काठेवाडीही आले,
उंट आंब्याला बांधून, जरा लांब उभे राहिले.
कोतवालानं विचारलं, हे कोण?
म्हटलं, आपल्याच गावातले.