सोडलेली जागा

मिरजेच्या चर्चमधल्या नोंदवहीत
माझ्या पणजोबांच्या वडिलांचं नाव इम्मानुएल.
बाप्तिस्मा रविवारी, साक्षीदार दोन.
शेजारी रकाना: पूर्वीचे नाव.
त्यात एक आडवी रेघ,
टाक बुडवून, पट्टी धरून, नीट ओढलेली.

छत्तीस वर्षं मी मिशन दवाखान्यात नर्स होते.
रिकामा रकाना मला बघवत नाही.
ताप नसला तरी 'नाही' असं लिहावं लागतं.

म्हणून रिटायर झाल्यावर हेळव्याला शोधत निघाले.
सुगी संपली की तो बैल घेऊन
तासगावकडच्या गावांतून फिरतो, एवढंच ठाऊक.
आमच्या दारात तो कधी थांबलाच नव्हता.
आजी सांगायची, पहाटे घंटा वाजत यायची
आणि आमचं घर आलं
की तेवढ्या अंतरापुरती मुकी व्हायची.

सावळजच्या पारावर सापडला. मल्लाप्पा.
मोबाईल छातीच्या खिशात, चोपडी मेणकापडात,
अक्षरं कानडी, वाचणं मराठी.
"कुठलं घराणं?"
"थोरवडे. ढवळीचे."
त्यानं बराच वेळ पानं उलटली.
"ती फांदी वाळली, बाई."
"मग मी कोण उभी आहे?"

चोपडी वारुळासारखी गच्च.
समासातसुद्धा चुलते, दत्तक, परागंदा.
आणि एका नावाखाली
चार बोटं कोरा कागद.

"आज्यानं सोडलाय," मल्लाप्पा म्हणाला.
"कागद महाग होता तवा. तरी सोडला."
कशासाठी, मी विचारलं.
"येतील म्हणून."

आता त्याला काय सांगायचं,
की आम्ही कुठं गेलोच नव्हतो.
ढवळी ते मिरज, सायकलीवर तासाभराची वाट.

कोऱ्या जागेच्या वरचं नाव त्यानं वाचलं:
सटवा.
बाप राणू, आजा येसू, त्याचा बाप पुन्हा सटवा.

मग मी सांगत गेले, तो लिहीत गेला,
काळ्या शाईखाली निळं बॉलपेन.
एबेनेझरला अडखळला, येब्बनजर केला.
माझ्या आईचं नाव घेतलं तेव्हा थांबला,
"लेकीसुना आम्ही मांडत न्हाई."
मी म्हटलं, चर्चवाले मांडतात.
तो बैलाकडे बघत राहिला. मग म्हणाला,
"बारीक लिवतो."

माझं नाव सलोमी.
त्यानं काय लिहिलं कोण जाणे,
वाचून दाखवताना सालव्वा म्हणाला.
मी दुरुस्त केलं नाही.

दक्षिणा म्हणून पायलीभर शाळू
आणि एक घोंगडं ठरलं.
घोंगडं मी अजून पोचवलेलं नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून
हळूच म्हणून पाहिलं: सटवा.
शेजारच्या बाईनं मागं वळून पाहिलं,
तिला वाटलं,
मी कुणाला तरी हाक मारतेय.